वर्षश्राद्धापर्यंतची मुदत

मंगळवार, २७ जून १९३३

गंगूला जाऊन आज दोन आठवडे झाले. तेरावा परवा झाला, पाहुणे गेले. आता घरात मी आणि माझी थोरली बहीण सोनूआक्का. गंगूला आणि मला मूलबाळ नाही.

बंदराच्या कचेरीत सव्वीस वर्षे कारकुनी केली. तिथे आल्यागेल्या मालाची रोज नोंद करावी लागे. पेन्शन झाल्यावर ती सवय सुटली. आज एक कोरी वही सापडली म्हणून लिहायला बसलो. घरात बोलायला कोणी नाही असे नाही, पण मला बोलता येत नाही. गंगू होती तोवर त्याची गरजही पडली नाही. दोघांचे मिळून तीच बोलत असे.

दहाव्याचे लिहून ठेवतो. पिंडाला कावळा शिवेना. दीड तास आम्ही भिजत उभे होतो. गंगूचा धाकटा भाऊ हरिश्चंद्र हात जोडून म्हणाला, "ताई, भावोजींना मी संभाळीन." कावळे माडावरून हलले नाहीत. मग भटजींनी मला विचारले, "काही इच्छा राहिली होती का हो त्यांची?" तेव्हा मला आठवले आणि मी मोठ्याने म्हटले, "यमुनाबाईंकडचा पट्टा वर्षाच्या आत घेतो." वाक्य पुरे व्हायच्या आत तीन कावळे आले.

पट्टा म्हणजे आमचे घर आणि शेजारच्या यमुनाबाईंचे घर यांच्यामधली जागा. रुंदी पाच हात, लांबी चाळीस. त्यावर एक रातांब्याचे झाड. मालकी यमुनाबाईंची. पिकले रातांबे आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतात आणि तो लाल डाग कशाने जात नाही. यावरून गंगू आणि यमुनाबाई तीस वर्षे भांडल्या. रोज सकाळी एकदा आणि दुपारी चारच्या सुमारास एकदा. शेवटी गंगूला उठवेना, तेव्हा तिने खाट खिडकीशी सरकवून घेतली होती.

यमुनाबाई हे चौदा दिवस रोज समाचाराला आल्या. येतात, त्या खिडकीशी बसतात, काही बोलत नाहीत, जातात. तिथून पट्टा सबंध दिसतो. आम्ही तो घेणार हे त्यांच्या कानावर गेले असावे आणि किंमत किती चढवावी याचा विचार चालला असावा.

८ जुलै

हरीला किंमत विचारायला पाठवले होते. तो पाचच मिनिटांत परत आला.

"पंचाहत्तर म्हणते. एक पै कमी नाही."

आक्का आतून ओरडली, "पंचाहत्तरात तिच्यासकट तिचं घर येईल!"

पट्ट्याची किंमत फार तर पंधरा रुपये. पण शब्द दिलेला आहे, तोही कावळ्याला. पेन्शन सतरा रुपये. पोस्टात चाळीस उरले आहेत.

हरी मुंबईला जागांची दलाली करीत होता. तो एकाएकी परत का आला हे मी विचारलेले नाही. तो म्हणाला, "भावोजी, जमिनीला पैसा कुठून आणायचा? जमिनीतूनच. मोटारी वाढल्यात. हातखंब्याचा तिठा बघा. मुंबईचा रस्ता तिथे, कोल्हापूरचा तिथे, रत्नागिरीचा तिथे. उद्या तिथे मोटारतळ होणार, खाणावळ होणार. आज तिथे करवंदीशिवाय काही नाही. आज बोलून ठेवायचं, उद्या ज्याला हवं त्याला द्यायचं."

मी म्हटले, मला बोलता येत नाही.

"तुम्ही बोलायचं नाहीच. बरोबर यायचं आणि नुसतं बसायचं."

मला घरातून बाहेर काढावे, पाय मोकळे व्हावेत, एवढाच त्याचा हेतू आहे. आमच्या दुःखाची त्याला इतकी जाणीव असेल असे वाटले नव्हते. पाऊस उघडल्यावर जायचे ठरले.

रविवार, २२ ऑक्टोबर

हातखंब्याला जाऊन आलो. भागोजी नावाच्या शेतकऱ्याचा तिठ्यालगत दोन एकर कातळ आहे. त्याच्या पडवीत बसलो. हरीने आमची ओळख करून दिली, माझे कसे झाले ते सांगितले, आणि मग जमीन विकायची असल्यास काय घेशील असे विचारले.

"दीडशे," भागोजी म्हणाला.

हरी गप्प राहिला. मी गप्पच होतो. पडवीच्या खांबावर मुंगळ्यांची रांग चढत होती. गंगूने मला आमच्या खांबाला रॉकेल लावायला सांगितले होते. लावतो म्हणालो आणि राहिले. तिने दोनदा सांगितले होते.

"बरा, एकशेचाळीस," भागोजी म्हणाला. "कातळ हाय, ता मी पण जाणतंय. पन रस्त्यावरचा कातळ हाय."

मी खांबाकडेच बघत होतो. भागोजीने एकशेवीस म्हटले. थोड्या वेळाने एकशेदहा. मग म्हणाला, "भाऊसाहेब, असा वरती काय बघतांव? कायतरी बोला की वो!"

रॉकेलची बाटली कोनाड्यातच होती. दोन मिनिटांचे काम. माझ्या डोळ्यांत पाणी आले. भागोजीने ते पाहिले आणि मांडीवर हात मारला.

"नव्वद! जल्ला, आता माज्या नरड्यावर पाय दिलाव तरी खाली येनार नाय."

हरी लगेच म्हणाला, "ठरलं." विसार दहा रुपये दिला. बाकीचे ऐंशी माझ्या वर्षश्राद्धानंतर आठ दिवसांत, म्हणजे गंगूच्या. वर्षाच्या आत खरेदीखतासारखे शुभ काम आमच्याकडे होत नाही, भावोजी त्या बाबतीत फार कडक आहेत, असे त्याने भागोजीला सांगितले. मी इतका कडक आहे हे मला नवे होते, पण म्हणणे चुकीचे नव्हते. भागोजीनेही मान हलवली. दुखवट्यातल्या माणसाला घाई कोण करणार?

साठेखत मीच लिहिले, माझे अक्षर चांगले आहे. चतुःसीमा भागोजीने सांगितल्या तशा घातल्या. पूर्वेस मोठी धोंड, दक्षिणेस वहाळ, उत्तरेस गुरांची वाट, पश्चिमेस भागोजीकडेच राहिलेला आठ हातांचा पट्टा व त्यापुढे सरकारी रस्ता. हरी तोवर अंगणात पान जमवीत होता. भागोजीने ते कलम माझ्याकडून दोनदा वाचून घेतले आणि मग अंगठा दिला. अडाणी असून इतका काळजीपूर्वक माणूस पाहिला नाही.

परतताना गाडीत हरी एकटाच हसत होता. म्हणाला, "भावोजी, मुंबईत असते तर तुमची पेढी निघाली असती." दुःखी माणसाला हसवायला तो काहीही बोलतो.

रविवार, ३ डिसेंबर

गणपतीपुळ्याला विठूची जागा पाहिली. देवळापासून लांब नाही, यात्रेकरूंसाठी खोल्या काढायला बरी. विठू म्हणाला वीस गुंठे आहे, साठ रुपये द्या. मी बसलो होतो. समोर समुद्र होता, त्याकडे बघत राहिलो. पंचेचाळीसवर आला.

तोपर्यंत मी उठून जागा पावलांनी मोजली. कचेरीतली सवय. जागा वीस नाही, चोवीस गुंठे भरली. तसे मी विठूला सांगितले. आज दिवसभरात मी तेवढेच बोललो. हरीने माझ्या पायावर पाय दिला. चुकून असेल.

चोवीस गुंठ्यांचे मग चौपन्न ठरले. तीच मुदत, तोच दहा रुपये विसार. विठूने आम्हांला शहाळी दिली. परतीच्या वाटेत हरी पहिल्यांदाच माझ्याइतका गप्प होता.

१४ जानेवारी १९३४

आज संक्रांत. आमच्याकडे तिळगूळ नाही. तरी दारात दोन माणसे येऊन गेली. एक हातखंब्याजवळचा, एक निवळीचा. दोघांनाही जमीन विकायची आहे. "विठू म्हनाला, तुमी स्वतःचा नुकसान करून खरा सांगतांव. आमची पन मोजा." हरी आता माझ्यावर रागावलेला नाही.

पण पोस्टातल्या चाळिसांतून वीस रुपये विसारात गेले, कागद आणि गाडीभाडे यांत आणखी काही. आता नवा विसार कुठून द्यायचा हा प्रश्न होता. हरीच्या डोक्यात कल्पना पुष्कळ असतात, खिशात काही नसते.

आक्काने सकाळी आम्हांला धारेवर धरले.

"बायको जाऊन वर्ष नाही झालं आणि जमिनी कसल्या घेत फिरतोस रे आत्माराम? लोक काय म्हणतील?"

मी सांगितले, घेत नाही. नुसते बोलून ठेवतो.

"बोलून ठेवतोस म्हणजे किती देतोस?"

"दहा."

"आणि बाकीचे?"

"वर्षश्राद्धानंतर."

"आणि त्याच्या आत दुसरं गिऱ्हाईक आलं तर?"

"जमीनमालक थेट त्याच्या नावे खरेदीखत करून देणार. मालकाला ठरलेली किंमत, वरचे आपल्याला. हक्क सोडल्याबद्दल."

"आणि नाहीच आलं तर?"

"दहा गेले."

आक्का सुपातले तांदूळ बराच वेळ नुसतेच पुढेमागे करीत होती. मग आत गेली आणि तीस रुपये घेऊन आली. तिच्याकडे तीस रुपये आहेत हे मला साठ वर्षांत कळले नव्हते.

"चार आणे हिस्सा माझा. हरी, तू आठ आणे घेणार ते घे, पण ह्या वहीत काय लिहितो ते मी बघणार. आणि त्या माणसांना फसवायचं नाही."

हरी म्हणाला, "आक्का, भावोजी असताना कोणी कोणाला फसवू शकतं का? चार गुंठे उगाच वाढवून आले!"

२५ फेब्रुवारी

आक्काच्या पैशांवर आणखी दोन साठेखते झाली. एका ठिकाणी मी एकटाच गेलो. हरीने एवढेच बजावले की दाढी दोन दिवस वाढवून जा. माझ्या दुःखाचा मान राहावा म्हणून तो लहानसहान गोष्टींत लक्ष घालतो.

कोल्हापूरचे एक शेटजी, त्यांच्या उतारूंच्या सर्व्हिस मोटारी आहेत, ते येऊन हातखंब्याचा कातळ पाहून गेले. लांबूनच पाहिला, गाडीतून उतरले नाहीत. चारशेला घेतो म्हणाले, पण जूनच्या मध्यापर्यंत पक्के कळवतो. भागोजीचे नव्वद गेले तर तीनशेदहा उरतात. माझा चार आणे हिस्सा म्हणजे सत्याहत्तर रुपये आठ आणे. पट्ट्याला पुरून अडीच रुपये राहतात.

आज कुवारबावपर्यंत पायीच आलो. येताना दोन जागा नजरेत भरल्या, एकीला विहीर आहे. मग लक्षात आले की सकाळपासून गंगूची आठवण झाली नाही. उरलेला रस्ता तिची आठवण करीत आलो.

६ मे

कोल्हापूरहून पत्र नाही.

दुपारी चारला माझे धोतर वाळत होते त्यावर रातांबे पडले. चार-पाच डाग. मी बाहेर गेलो, धोतर काढले, घडी घातली. यमुनाबाई कुंपणापलीकडे उभ्या होत्या. त्या बहुधा बराच वेळ उभ्या असाव्यात.

"डाग पडले," त्या म्हणाल्या.

मी हो म्हटले.

"चांगलं धोतर होतं."

मी पुन्हा हो म्हटले.

"झाड माझं आहे."

ते मला माहीत आहे असे मी सांगितले.

"काही म्हणायचं नाही तुम्हांला?"

मी नाही म्हटले. त्या जरा वेळ थांबल्या आणि घरात गेल्या. दार जोरात लावले. पट्टा आपला आहे याचा या बाईला किती तोरा! आक्काला सांगितले तर ती म्हणाली, "हल्ली ती जेवतसुद्धा नाही धड." आम्ही पट्टा घेणार याची तिला धास्ती पडलेली दिसते.

१३ जून

आज तारखेने वर्ष झाले. सकाळी आठ वाजता भागोजी, विठू आणि निवळीचा रावजी, तिघेही डोक्यावर इरली घेऊन दारात. हातखंब्याजवळचा चौथा मालक पाय मोडल्यामुळे आला नाही. शेटजींचे पत्र नाही. हरी परसातल्या दाराने कोठे गेला ते दुपारपर्यंत दिसला नाही.

"वरीस झाला, भाऊसाहेब," भागोजी म्हणाला. "आता आठ दिवसांत पैसं."

चौघांचे मिळून मला अडीचशेच्या वर द्यायचे होते. मी गप्प बसलो, पण आज गप्प बसल्याने कोणी खाली येण्यासारखे नव्हते. काहीतरी करावे म्हणून मी पंचांग काढले.

साठेखतात मी "एक वर्ष" असे लिहिलेले नाही. "वर्षश्राद्ध झाल्यावर" असे लिहिले आहे. आणि श्राद्ध तिथीने असते. गंगू गेली ती ज्येष्ठ वद्य पंचमीला. यंदा वैशाख अधिक आला, त्यामुळे ज्येष्ठ आज कुठे लागतो आहे. ज्येष्ठ वद्य पंचमी येते २ जुलैला. मी बोट ठेवून तिघांना दाखवले.

विठू म्हणाला, "म्हंजे गंगूबायचा वरीस तेरा म्हयन्यांचा?"

"यंदा सगळ्यांचेच तेरा महिन्यांचे," मी म्हणालो.

रावजी म्हणाला, "ह्यो सरकारी मानूस. मेल्याचा पन जादा म्हयना काढतो."

तिघे जाऊन आमच्या भटजींना विचारून आले. भटजींनी तेच सांगितले. मग त्यांनी चहा घेतला. भागोजी जाताना माझ्याकडे बराच वेळ बघत होता. म्हणाला, "तुमच्याकडना शिकन्यासारखा लय हाय."

हरी दुपारी आला. मी पंचांगाचे सांगितले तर त्याने माझ्या पायांवर डोके ठेवले. मला हे आवडले नाही.

शनिवार, २३ जून

शेटजी आले. पाऊस ओतत होता. हातखंब्याला सगळे छत्र्या घेऊन उभे राहिलो. शेटजी, त्यांचा माणूस, हरी, मी, भागोजी. शेटजींना जागा पसंत पडली. म्हणाले, "मोटार इथून आत घेऊ," आणि रस्त्यावरून पाऊल टाकले.

भागोजी म्हणाला, "शेटजी, ता माजा हाय."

मग साठेखत काढले. पश्चिमेस भागोजीकडेच राहिलेला आठ हातांचा पट्टा. अक्षर स्वच्छ होते, शंकेला जागा नव्हती. रस्त्यावरून कातळात जायला त्या आठ हातांवरूनच जावे लागते. हरीने माझ्याकडे पाहिले. मी त्याला सांगितले की हे कलम दोनदा वाचले होते.

सगळे भागोजीच्या पडवीत आलो. शेटजी म्हणाले, "बरं, त्याचे वेगळे पंधरा घे."

भागोजी छपराकडे बघत राहिला.

"पंचवीस."

भागोजीने छपरावरची नजर काढली नाही. पाऊस वाजत होता. शेटजींनी चाळीस म्हटले, साठ म्हटले. हरी मधे पडला, "अरे भागोजी, बोल काहीतरी!" भागोजीने धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. त्याला काय झाले होते कोण जाणे.

एकशेवीसवर ठरले. शेटजी हरीला म्हणाले, "माझे चारशे म्हणजे चारशे. हे एकशेवीस तुमच्यातले कमी." म्हणजे आम्हांला तीनशेदहाचे एकशेनव्वद राहिले.

निघताना मी भागोजीला विचारले, घरी काही बरेवाईट आहे का? तो म्हणाला, "नाय वो. तुमी खांबाकडं बघतांव, म्हटला आपन छपराकडं बघू." मला उलगडा झाला नाही. हरीला झाला असावा, कारण तो हातखंब्यापासून घरापर्यंत तोंडातल्या तोंडात शिव्या देत होता. आक्काला सांगितले तेव्हा ती हसत हसत भिंतीला टेकली. म्हणाली, "माझे काही गेले तर जाऊ देत, पण मी तिथे असायला हवी होते."

३० जून

सबरजिस्ट्रार कचेरीत दोन्ही दस्त झाले. भागोजीने अंगठा दिला, विसार वजा जाता दोनशे रुपये धोतरात बांधले आणि तिठ्यावर चहाचे दुकान काढणार असे शेटजींना आत्ताच सांगून ठेवले.

बाकीच्या तीन जागांना गिऱ्हाईक मिळाले नाही. त्यांचे विसार गेले. मीच जाऊन सांगितले. विठू म्हणाला, "धा रुपये आले नि जमीन पन ऱ्हायली. भाऊसाहेब, फुडल्या वर्सी पन असाच यवार करू." मग त्याच्या लक्षात आले आणि त्याने जीभ चावली.

माझ्या वाट्याला सत्तेचाळीस रुपये आठ आणे आले. पोस्टातले उरलेले आणि महिन्याची पेन्शन मिळून पंचाहत्तरच्या जवळ जातात. थोडे कमी पडले ते आक्काने न मागता दिले. श्राद्ध परवा. उद्या पट्टा घेतो.

रविवार, १ जुलै

दुपारी चारला यमुनाबाईंकडे गेलो. त्या पडवीत सुकी आमसुले डब्यात भरत होत्या. मी पंचाहत्तर रुपये समोर ठेवले.

"हे काय?"

"पट्ट्याचे."

"मोजलेत?"

"मोजले."

"किंमत कमी करा असं म्हणायचं नाही?"

"नाही."

"मग शंभर."

मी म्हटले, बरे, पंचवीस श्रावणात देतो.

"दीडशे."

मी म्हटले, सवडीने द्यावे लागतील.

त्यांनी डबा खाली आपटला. "आत्मारामभाऊ, तुम्ही माणूस आहात की दगड? तीस वर्षं ती बाई त्या कुंपणाशी उभी राहून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायची, पण दोन रुपयांवर एक आणा चढली नाही. आणि तुम्ही दीडशे देता? तिचं नाक कापायला आलात?"

गंगूने पट्ट्याचा भाव केला होता हे मला माहीत नव्हते. कधी, असे विचारले.

"कधी काय? रोज! तिचं लग्न होऊन ती इथे आली त्याच्या दुसऱ्या वर्षापासून. मी शंभर म्हणायची, ती दोन म्हणायची. मरायच्या आदल्या दिवशी खिडकीतून म्हणाली, 'यमने, दोन. शेवटचं सांगते.' मी तिच्यासाठी म्हणून पंचाहत्तरवर आले होते. तेवढ्यात गेली."

मी गप्प बसलो. मी असा बसलो की समोरचा माणूस काहीतरी बोलतो, हे मी या वर्षात पाहिले आहे. पण यमुनाबाई बोलल्या नाहीत. त्याही गप्प बसल्या. बराच वेळ आम्ही दोघे तसेच. शेवटी मलाच राहवले नाही.

"दोन रुपये एक आणा," मी म्हणालो.

यमुनाबाईंनी पदर खोचला.

"एक आणा? एक आणा वाढवायला तेरा महिने लागले? त्या झाडाची सालसुद्धा येणार नाही दोन रुपये एक आण्यात!"

"साल तुमची तुम्हांला ठेवा. डाग आमच्या धोतरावर पडतात."

"मग धोतर दुसरीकडे वाळत घाला! का सगळं ऊन तुमच्याच अंगणात येतं?"

"ऊन आमच्या अंगणात येतं म्हणूनच तुमचं झाड आमच्याकडे वाकलंय! नुसतं ऊन खायचं भाडं लावलं तरी तुम्हीच माझं देणं लागाल!"

हे मी बोललो. मोठ्याने बोललो. आमच्या खिडकीत आक्का येऊन उभी राहिली आणि आत गेली नाही. समोरच्या घरातलीही दोघे बाहेर आली. यमुनाबाई चौऱ्याहत्तरवर आल्या, मी सव्वादोनवर गेलो. त्यांनी माझ्या आईचे काढले, मी त्यांच्या सासऱ्याचे. घसा बसला तेव्हा त्यांनी पाणी आणून दिले.

मी सांगितले, उद्या वर्षश्राद्ध आहे, मी शब्द दिलेला आहे, आज व्यवहार व्हायला हवा.

"मग विसार द्या. अख्ख्या तालुक्याला देता, मला नको?"

मी एक रुपया दिला. बाकीचे त्यांनी माझ्याच उपरण्यात बांधून परत केले. घरून कागद आणून साठेखत लिहायला बसलो. चतुःसीमा आज मी स्वतः हाताने मोजून घातल्या. किमतीच्या जागी काय लिहायचे विचारले, तर त्या म्हणाल्या, "लिहा, ठरायची आहे." असे साठेखत कोणत्याही कचेरीत टिकणार नाही. तसे मी सांगितले. त्यांनी ऐकले नाही.

"मुदत काय घालू?"

"इतरांना काय घालता?"

"वर्षश्राद्धापर्यंत."

"तेच घाला."

"ते तर उद्याच आहे."

"तिचं नव्हे हो. माझं."

तसे लिहिले. त्यांनी सही केली, मी केली, साक्ष म्हणून आक्काने कुंपणावरून वाकून केली.

उद्या श्राद्धाला त्या जेवायला येणार आहेत. तेव्हा हा विषय काढता येणार नाही. पण परवा चारला जायचे आहे. घरी आल्यावर लक्षात आले की त्यांच्या कोंबड्या आमच्या अळूत शिरतात, त्याविषयी तर मी एक अक्षर बोललो नाही.